स्वतःच्याच रक्ताच्या शंभर पेशी मोजताना

मी लॅब टेक्निशियन आहे, हेमॅटॉलॉजीत म्हणजे रक्ताच्या तपासण्यांत, बावीस वर्षं झाली. दिवसाला शे-दीडशे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हाताखालून जातात. जांभळ्या झाकणाची ट्यूब हलवायची, रॅकमध्ये लावायची, मशीन रक्त ओढून घेतं, आकडे येतात, ज्याला फ्लॅग आला, म्हणजे मशीनला शंका आली, त्याची स्लाइड करायची. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे जे झालं त्यात माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच की मला हे सगळं माहीत होतं.

तर झालं असं की आमच्याकडे नवीन अॅनालायझर आलं. जुन्या-नव्याचे आकडे जुळतात का ते बघायला स्टाफचंही रक्त चालवतो आम्ही, बाही वर करून सगळे एकमेकांचं काढतात, हसत-खिदळत. माझं हिमोग्लोबिन आलं १०.६, म्हणजे कमी, आणि प्लेटलेट ४ लाख ९२ हजार, म्हणजे जास्त. दोन्ही मशीनवर जवळपास तेच, त्यामुळे सगळे खूश, मशीन जुळलं म्हणून! माझ्या बेंचवरची मुलगी म्हणाली, ताई अर्ध्या प्लेटलेट मला द्या. मी म्हटलं आयर्न कमी झालं असणार.

आता आयर्न कमी असलं की प्लेटलेट वाढतात हे खरंच आहे, बायकांच्या रिपोर्टमध्ये रोज दिसतं. पण मग लाल पेशीही लहान व्हायला हव्यात, एमसीव्ही, म्हणजे त्यांची सरासरी साइज, खाली यायला हवा. माझा ८६ होता, अगदी नॉर्मल. आणि पाळी बंद होऊन दोन वर्षं झालेली, म्हणजे रक्त जातंय तरी कुठून, हाही प्रश्न मला पडला नाही. एखाद्या ट्रेनीने हे चुकवलं असतं तर मी तिला दहा मिनिटं सुनावलं असतं. स्वतःच्या वेळी काय केलं, तर आयर्नच्या गोळ्या आणल्या आणि सुरू केल्या.

पुढचे चार महिने पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरलं, सारखं लघवीला जावंसं वाटायचं. अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, गॅसच्या झाल्या. एके दिवशी नवरा म्हणाला, अगं तुझा चेहरा उतरलाय आणि पोट तेवढं सुटलंय, हे काय आहे? तेव्हा कुठे सोनोग्राफीला गेले. पोटात पाणी, दोन्ही ओव्हरीवर गाठी. मग सीटी, मग पाणी काढून तपासणी, मग बायोप्सी. ओव्हरीचा कॅन्सर, हाय ग्रेड सीरस प्रकारचा, स्टेज ३सी. सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरचा रक्तातला मार्कर, होतं ८४०, नॉर्मलची रेघ ३५. या आठवड्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना लिहून कळणार नाही.

लिहायचंय ते आकड्यांबद्दल.

ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीचा सीबीसी मी आमच्याच लॅबमध्ये लावला. मशीनने दिलं, पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल ७६ टक्के, लिम्फोसाइट १५, प्लेटलेट ५ लाख ५८ हजार. बाकी शरीरातलं इन्फ्लमेशन दाखवणारं सीआरपी ४२, रक्तातलं प्रोटीन अल्ब्युमिन ३.१. डॉक्टरांच्या दृष्टीने हा 'किमोला फिट आहे का' एवढं बघायचा कागद. पण मी रात्री मोबाइलवर वाचायला बसले आणि मला एनएलआर सापडला. म्हणजे काही नाही, न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं, बस. ७६ भागिले १५, पाचच्या थोडं वर. प्लेटलेटला लिम्फोसाइटने भागलं की पीएलआर. आणि प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट केलं की एसआयआय नावाचं आणखी एक. बावीस वर्षं हे तिन्ही आकडे मी रोज शेजारी शेजारी छापतेय आणि त्यांना एकमेकांनी भागून कुणी कॅन्सरचं भविष्य बघतं हे मला माहीतच नव्हतं.

वाचलं ते थोडक्यात असं. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन किंवा किमोच्या आधी ज्यांचा एनएलआर जास्त असतो त्यांचं पुढे, सगळ्यांचं मिळून बघितलं तर, थोडं वाईट जातं. निदानासाठीही वापरून बघितलंय, २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात २.६० ही रेघ धरली होती आणि तिने कॅन्सर असलेल्या बायकांपैकी साधारण ६६ टक्के पकडल्या, म्हणजे एक तृतीयांश सुटल्या. दुसऱ्या पेपरात रेघ ३, तिसऱ्यात ४ च्या आसपास. प्रत्येकाने आपापल्या पेशंटचा डेटा घेऊन जिथे दोन गटांमध्ये फरक छान दिसतो तिथे रेघ मारलेली. माझं पाच म्हणजे कुठल्याही रेघेने मी वाईट बाजूलाच. एसआयआय काढला (प्लेटलेट हजारांत धरून), २८००च्या पुढे. त्या रात्री झोप नाही.

पण एक सांगते, यातलं जे सायन्स आहे ते मला खरंच आवडलं, भीती वाटत असतानाही. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला एक पेपर आला, डॉक्टर अनिल सूद यांच्या टीमचा. ओव्हरीच्या कॅन्सरच्या ६१९ बायकांपैकी ३१ टक्क्यांच्या प्लेटलेट निदानाच्या वेळीच साडेचार लाखाच्या वर होत्या. आणि का, तर ट्यूमर इंटरल्युकिन-६ नावाचं निरोप्याचं काम करणारं प्रोटीन सोडतो, ते लिव्हरला जाऊन सांगतं थ्रोम्बोपोएटिन बनव, ते बोनमॅरोला जाऊन सांगतं प्लेटलेट बनव. त्याच इंटरल्युकिन-६ मुळे लिव्हर सीआरपी बनवतं आणि त्या गडबडीत अल्ब्युमिन बनवायचं कमी करतं. त्यानेच हेप्सिडिन हे आयर्न अडवणारं हार्मोन वाढतं, आयर्न पोटात असूनही मॅरोपर्यंत पोचत नाही, हिमोग्लोबिन उतरतं आणि पेशी मात्र बऱ्याचदा नॉर्मल साइजच्याच राहतात. म्हणजे माझे १०.६, ८६, ४ लाख ९२ हजार, ४२, ३.१ हे सगळे वेगवेगळे आकडे नव्हतेच, एकाच दोरीला बांधलेले होते आणि दोरीचं टोक माझ्या पोटात होतं. आणि मी आयर्नच्या गोळ्या खात होते, ज्यांचा बिचाऱ्यांचा काही उपयोगच नव्हता.

लिम्फोसाइटचं पण तसंच. २००३ मध्ये दाखवलं गेलं की ओव्हरीच्या गाठीच्या आत टी-सेल, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइट, शिरलेल्या असतील तर पाच वर्षांनी ३८ टक्के बायका जिवंत होत्या आणि नसतील तर ४.५ टक्के. रक्तातल्या लिम्फोसाइट म्हणजे गाठीतल्या नव्हेत, हा फरक मोठा आहे, पण लिम्फोसाइट कमी असणं लोक का मनावर घेतात ते यावरून कळतं. हॅरॉल्ड ड्व्होरॅक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ मध्येच म्हटलेलं, ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. शरीर आपलं जखम समजून माणसं पाठवत राहतं, आणि ती माणसं तिकडे जाऊन गाठीच्याच बाजूने काम करतात.

बरं, आता स्लाइडची गोष्ट.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी माझ्याच ट्यूबमधून थेंब घेऊन स्मिअर ओढला, स्टेन केला आणि मायक्रोस्कोपखाली लावला. स्वतःचं रक्त याआधीही बघितलं होतं, पण गंमत म्हणून. आता तेल टाकलं, लेन्स खाली आणली, डाव्या हाताखाली डीसी काउंटर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक प्रकाराला एक बटण असलेलं मोजणीचं यंत्र. बटणं बघायची गरज पडत नाही आता, बोटांना माहीत आहे न्यूट्रोफिल कुठलं आणि लिम्फोसाइट कुठलं. टिक, टिक, टिक, शंभर झाले की घंटी वाजते. एकेका पेशीपाशी थांबत होते मी, एरवी थांबत नाही. निळा गोल गरगरीत डाग दिसला की बरं वाटायचं, चला एक लिम्फोसाइट. घंटी वाजली तेव्हा न्यूट्रोफिल ७२, लिम्फोसाइट १९. म्हणजे ३.८! मशीन पाच म्हणतंय आणि मी मोजलं तर ३.८, केवढा आनंद झाला.

मग बेंचवरच्या त्याच मुलीला ती स्लाइड दिली, कुणाची ते न सांगता. तिने मोजलं ७८ आणि १३. म्हणजे ६.

एकच थेंब, एकच काच. मशीन ५.१, मी ३.८, ती ६. आणि चूक कुणाचीच नाही. शंभर पेशी मोजून २० लिम्फोसाइट आल्या तर खरा आकडा १३ ते २९ मध्ये कुठेही असू शकतो, हा तक्ता आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणून तर मशीन हजारो पेशी मोजतं आणि त्याचा आकडा जास्त धरायचा. पण माझा आकडा नेमका चांगल्याच बाजूला का झुकला? स्लाइडच्या कडेला एक-दोन पेशी अशा होत्या की मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) म्हणावं की लिम्फोसाइट कळत नव्हतं, त्या सगळ्या मी लिम्फोसाइटच्या बटणावर दाबल्या. बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. त्या दिवसानंतर माझा सॅम्पल मी हातात घेतलेला नाही.

ऑन्कॉलॉजिस्टकडे गेले तेव्हा कागदावर सगळं लिहून नेलं होतं, रेघा मारून. त्यांनी शांतपणे वाचलं. मला वाटलं झटकून टाकतील, तसं नाही केलं. म्हणाले, "तुम्ही गणित बरोबर केलंय. पण मला सांगा, तुमचा एनएलआर दोन आला असता तर मी तुम्हाला वेगळं औषध दिलं असतं का?" मी गप्प. म्हणाले, "नाही दिलं असतं. हाच कार्बोप्लॅटिन, हाच पॅक्लिटॅक्सेल, तीन सायकल, मग ऑपरेशन, मग तीन. तुमचं पुढे कसं जाईल हे मला त्या ऑपरेशनमध्ये काही मागे राहिलं का त्यावरून कळेल, बीआरसीए जीनच्या रिपोर्टवरून कळेल, सीए-१२५ कसं उतरतं त्यावरून कळेल. या भागाकारावरून फार थोडं."

मग त्यांनी माझ्या कागदावरच्या प्लेटलेटला गोल केला. म्हणाले, "हा आकडा मात्र मला हवाय, पण दुसऱ्या कामाला." खोराना स्कोअर म्हणून आहे, २००८ चा, किमो घेणाऱ्याला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता किती ते बघायचा. बायकांच्या अवयवांचा कॅन्सर असेल तर एक पॉइंट, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर एक. हिमोग्लोबिन १० च्या खाली, पांढऱ्या पेशी ११ हजाराच्या वर, वजन फार जास्त, याचे वेगळे, ते मला नव्हते. माझे दोन झाले. दोन म्हणजे विचार करायला पाहिजे, आणि पोटातल्या गाठी दाब देतायत ते वेगळंच. तर रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सुरू झालं, रोज पोटाला टोचायचं. ज्या आकड्यावरून मी रात्रभर मरणाचा हिशेब करत होते त्या आकड्याने प्रत्यक्षात मला एक सुई मिळवून दिली, जी कामाची होती.

तरी प्रत्येक सीबीसीचा एनएलआर एक्सेलमध्ये टाकायचं मी बंद केलं नाही. आता हसू येतं. पहिल्या किमोच्या सकाळी सीबीसी झाला, न्यूट्रोफिल ९०, लिम्फोसाइट ६. एनएलआर १५! खुर्चीवर बसल्या बसल्या हातपाय गार. पंधरा म्हणजे काय, आठवड्यात तिप्पट? शेजारी नवरा विचारतोय काय झालं, मला बोलता येईना. सिस्टर आल्या सलाईन लावायला, त्यांनी सहज विचारलं, डेक्साच्या गोळ्या घेतल्या ना रात्री आणि पहाटे? आणि माझी ट्यूब पेटली. पॅक्लिटॅक्सेलची रिअॅक्शन येऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात आणि स्टेरॉइड घेतलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, लिम्फोसाइट रक्तातून निघून जातात. पेशंटच्या रिपोर्टवर असं दिसलं की मी स्वतः फोन करून विचारते, स्टेरॉइड चालू आहे का? स्वतःच्या रिपोर्टवर मात्र मला फक्त कॅन्सर दिसत होता.

बाराव्या दिवशी उलटं. पांढऱ्या पेशी १६००, त्यात न्यूट्रोफिल ४४ टक्के, लिम्फोसाइट ४८. एनएलआर ०.९! माझ्या एक्सेलमध्ये चांगल्याला हिरवा रंग होता, त्या दिवसाचा चौकोन सगळ्यात गडद हिरवा. आणि प्रत्यक्षात न्यूट्रोफिल ७०० राहिलेले, घराबाहेर पडू नका, ताप १०० च्या वर गेला तर अर्ध्या रात्रीही या, अशी तंबी मिळालेली. सगळ्यात धोक्याचा दिवस तोच सगळ्यात हिरवा. मग पेशी वाढवायची इंजेक्शनं झाली तीन दिवस, की पांढऱ्या पेशी २४ हजार, स्लाइडवर बँड सेल, मेटामायलोसाइट, सगळी कच्ची पोरं बाहेर आलेली, चौकोन लालभडक. आणि त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटत होतं, जेवले पण नीट.

त्या मुलीला (तीच बेंचवरची, तोवर तिला कळलं होतं ती स्लाइड कुणाची) मी एक्सेल दाखवलं. ती पाच मिनिटं बघत होती. म्हणाली, ताई, हे तुमच्या कॅन्सरचं नाही, तुमच्या औषधांचं टाइमटेबल आहे. पोरगी हुशार आहे. आणि खरंच, ते बहुतेक पेपर काढून परत बघितले तर आकडा घेतलाय ट्रीटमेंटच्या आधीचा, एकदाच, आणि ज्यांना इन्फेक्शन होतं, स्टेरॉइड चालू होतं, रक्ताचे आजार होते त्यांना आधीच बाजूला काढलंय. ती ओळ पेपरच्या मधोमध बारीक अक्षरात असते. मी दर वेळी निष्कर्ष वाचून वर परत जात नव्हते.

सीए-१२५ मात्र शिस्तीत उतरलं, ८४०, ३१०, ९६, ३१. डॉक्टरांनी ते आकडे तारखांसकट कम्प्युटरवर टाकून केलिम काढलं. किमोच्या पहिल्या शंभर दिवसांत सीए-१२५ किती वेगाने निघून जातं त्यावरून गाठ औषधाला किती दाद देते ते बघतात, एकच्या वर चांगलं. माझं १.३. ते मी एक्सेलमध्ये टाकलं नाही. आता शहाणी झाले होते म्हणून नाही, लॅपटॉप माझ्या लेकीने परीक्षेला नेला होता म्हणून.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. डोळ्याला दिसेल असं काही मागे ठेवलं नाही असं सांगितलं. नंतरच्या दिवसांत सीआरपी रोज करत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आभाळाला टेकतो, ते अपेक्षितच असतं, मग भराभर अर्धा अर्धा होत खाली यायला हवा, त्याचं हाफ लाइफ १९ तासांच्या आसपास आहे. माझा उतरत होता आणि पाचव्या दिवशी परत चढला. ताप नाही, दुखणं नेहमीचंच. सर्जननी टाका उघडून बघितला तर आत पू. म्हणजे बघा, इन्फ्लमेशनचा मार्कर म्हणून ज्याने मला खरंच काही आधी सांगितलं तो पाच वर्षांपुढचं नाही, उद्या-परवाचं सांगत होता.

नातेवाइकांतल्या बायका विचारतात, मग आम्ही पण हे एनएलआर बिनलआर करून घेऊ का, साधा सीबीसीच तर आहे. नको गं बायांनो. साधं सर्दी-पडसं, दाताचा पू, रात्रीची जागरणं, कशानेही तो हलतो. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने सगळ्यांची चाळणी करायचा प्रयोग झालाय, दोन लाखांहून जास्त बायकांवर, २०२१ मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तिथे या भागाकाराने काय होणार. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे रोज पोट फुगतंय, दोन घासांत पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय असं असेल तर सोनोग्राफीला जा, माझ्यासारखे चार महिने गॅसच्या गोळ्या खाऊ नका.

आता मी अर्धा दिवस कामावर जाते. दर तीन महिन्यांनी तपासणी, माझी ट्यूब ती मुलगी लावते आणि मला फक्त 'ओके' म्हणते, टक्के सांगत नाही, असं आमचं ठरलंय. गेल्या आठवड्यात एक सॅम्पल आलं, बाई ५४, हिमोग्लोबिन १०.१, प्लेटलेट ५ लाख १० हजार, एमसीव्ही ८१. माझ्या पोटात गोळाच आला. स्लाइड केली, प्लेटलेट खऱ्याच होत्या. पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले, म्हटलं मॅडम हे नुसतं सोडू नका, फोन करा यांच्या डॉक्टरांना. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता फोन केला. फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, लावायचं ठरलं, सीआरपी लावायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सीआरपी नॉर्मल, फेरिटिन ६. आयर्नच कमी होतं बाईचं. मुलगी म्हणाली, ताई, झालं समाधान? मी म्हटलं झालं, पुढचा रॅक लाव.